मापाचा कछहरा

सासऱ्यांनी माझ्या हातचं पाणी कधी घेतलं नाही. लग्न होऊन मी उल्हासनगरच्या त्या सिंधी घरात आले, तेव्हा ते नुकतेच अमृत घेऊन अमृतधारी शीख झाले होते. बाकी कुणी केस ठेवले नव्हते, कुणी कृपाण बांधत नव्हतं. एकटे सासरेच पन्नाशीनंतर त्या वाटेला गेले आणि गेले ते पक्के गेले. स्वतःची भाजी स्वतःच्या लोखंडी कढईत करायचे. त्यांच्याबरोबर गुरुद्वाऱ्यात सेवा करणारे लोक घरी आले की माझ्या हातचा चहा आवडीने प्यायचे, अजून मागून घ्यायचे. नियम सासऱ्यांनी स्वतःच केला होता. हे मला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर जास्तच लागलं.

मग ते बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं.

कछहरा म्हणजे गुडघ्यापर्यंत येणारी, नाडीची, घोळदार सुती चड्डी. अमृत घेतलेल्या माणसाने ती अंगावेगळी करायची नसते. बदलतानाही आधी एक पाय जुन्यातून काढून नव्यात घालायचा, तो वर ओढायचा आणि मग दुसरा पाय. ऑपरेशनला नेताना त्यांनी वॉर्डबॉयला हात जोडून सांगितलं, "एक टांग में रहने दे बेटा, टखने पे बाँध दे." तो "हाँ बाबा" म्हणाला. नंतर आमच्या हातात प्लास्टिकची पिशवी आली, तिच्यात कात्रीने कापलेले दोन तुकडे होते.

शुद्धीवर आल्याबरोबर त्यांनी चादरीखाली हात घालून चाचपलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गुरुद्वाऱ्यात पाठ करणारे ग्रंथी भेटायला आले आणि जवळ बसून म्हणाले, "बीमारी में कोई दोष नहीं, बाबाजी." सासऱ्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. मी घरून दुसरा कछहरा आणला होता. नवरा बाहेर फोनवर बोलत होता. शेवटी नर्सने आणि मी मिळून तो चढवला. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

घरी आल्यावर हेच माझ्या वाट्याला आलं. सकाळी एक माणूस येऊन अंघोळ घालायचा, त्यांच्या कढईत भाजी करून, लोटा भरून ठेवून जायचा. बाकी दिवसभर डायपर बदलायचा, त्यावर कछहरा चढवायचा, तो भिजला की परत बदलायचा. मी अंबरनाथला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. आधी रजा टाकली, मग हाफ डे मागून घेतला. नवऱ्याचं जीन्सचं दुकान. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नुसत्या नजरेने त्याची कंबर सांगणारा माणूस. पण बापाच्या पलंगाजवळ आला की त्याला हमखास कुणाचा तरी फोन यायचा.

इंदूरहून नणंद रोज व्हिडिओ कॉल करायची. "भाभी, एक टांग वाला ध्यान रखना हाँ, पापा के लिए बहुत बड़ी बात है."

ध्यान ठेवत होतेच. पण जुने कछहरे बसेनात. कंबर अर्धी झाली होती, म्हणून नाडी आवळली की घोळ सगळा पाठीखाली गोळा व्हायचा आणि तिथे कातडी लाल व्हायची. डायपरमुळे आसनात, म्हणजे दोन पायांच्या मध्ये, मात्र तंग. ऑपरेशन झालेला पाय सुजलेला, तो वळवता येत नव्हता. एक पाय जुन्यात ठेवून दुसरा नव्यात घालायचा, तर नव्याचं तोंड पायाला पुरायचं नाही. मी ओढायची, ते कण्हायचे.

गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "साइज़?" मी जुन्यावरचा आकडा सांगितला. लहान मागितला तर पाय अडकायचा, मोठा आणला तर पोटरीपर्यंत लोंबायचा आणि पाठीखालचा गोळा आणखी वाढायचा. दरवेळी बदलून आणायची. दुकानदार वैतागून म्हणाला, "भाभी, नाडा होता है, सबको आता है." मध्येच इंदूरहून पार्सल आलं. शुभ्र, कडक, सुंदर शिवलेले सहा कछहरे. नणंदेने आपल्या लग्नातल्या बापाचं माप लक्षात ठेवून शिवून घेतले होते. त्या लग्नात सासरे तंबूच्या खांबासारखे उभे होते.

तेव्हा मी टेप काढली. ते म्हणाले, "नाप मुर्दे का लेते हैं."

"पाठीला जखम झाली की डॉक्टर कापाकापी करतील," मी म्हणाले. "फिर से सब उतारेंगे."

त्यांनी अंगावरची चादर बाजूला सारली. मग म्हणाले, "सिर ढक ले."

मी ओढणी डोक्यावर घेतली आणि माप घेतलं. कंबर, डायपरवरून आसन, सुजलेली मांडी, गुडघा. टेप कमरेखालून सरकवताना हाडं हाताला लागली. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्या माणसाच्या पायालासुद्धा फक्त सणावारी, नमस्कारापुरता हात लावला होता. ते छताकडे बघत म्हणाले, "पहले अड़तीस था." मी आताचा आकडा सांगितला नाही, त्यांनी विचारलाही नाही.

बदलापूरला, कुळगावात माझं माहेर. आईकडे मशीन आहे, तिने आयुष्यभर आळीचे ब्लाउज शिवले. कापड घेऊन मी तिच्याकडे गेले. तिने माप वाचलं आणि कापड माझ्याकडे परत सरकवलं. "तुझ्या हातचं पाणी न पिणाऱ्याच्या चड्ड्या मी शिवू होय? पळून लग्न केलंस तेव्हा आम्हाला विचारलं नाहीस. आता त्याचं तूच निस्तर."

"आई, म्हातारा माणूस आहे गं."

"मीपण म्हातारीच आहे."

मी उठले. तिने जेवून जा म्हटलं, पण मी थांबले नाही.

शेवटी ऑफिसजवळ परकर शिवणारी एक बाई होती, तिच्याकडे गेले. पहिला नमुना फसला, आम्ही दोघींनी बसून तो उसवला. मग पाठीला चुण्या घालायच्याच नाहीत, सगळा घोळ पुढे घ्यायचा, आसन खोल कापायचं आणि एका पायाचं तोंड दुसऱ्यापेक्षा मोठं ठेवायचं, असं ठरलं. ती कात्री चालवता चालवता म्हणाली, "ताई, असलं वाकडं कापड मी कधी कापलं नाही हं."

तो अगदी बरोबर बसला. एक पाय जुन्यात, एक नव्यात, वर ओढला, नाडी पुढे बांधली. कण्हले नाहीत. त्यांनी हात पाठीखाली घालून बघितलं, सपाट होतं.

"कहाँ से आया?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार इतक्यात दारातून नवरा म्हणाला, "दीदी ने भेजा है."

सासऱ्यांचा चेहरा खुलला. लगेच फोन लावायला सांगितला. "पुट, एकदम सही नाप," ते लाडाने लेकीला म्हणाले. ती पलीकडून म्हणाली, "आपको आराम है ना पापा, बस." तिला तिच्या पार्सलबद्दलच वाटलं असेल, मी समजू शकते. पण नवऱ्याला माहीत होतं. मी भिजलेला कछहरा हातात घेऊन उभी होते. नंतर स्वयंपाकघरात त्याला विचारलं, तर म्हणाला, "बुड्ढा खुश हो गया ना? तेरा क्या गया?"

काही दिवसांनी नाडी बांधताना मी सासऱ्यांना सांगून टाकलं. "वो मैंने सिलवाया था."

"मालूम है," ते म्हणाले. "उसको मेरा साइज़ कहाँ से मालूम होगा."

"तो फिर उसको थँक्यू क्यूँ बोला?"

"बेटी दूर है. उसको अच्छा लगता है."

मी जवळ होते, त्यामुळे मला काय वाटतं याचा विचार करायची गरज नव्हती. त्या दुपारी त्यांना ठसका लागला. मी ग्लास पुढे केला. त्यांनी मान फिरवली आणि स्वतःच्या लोट्याकडे बोट दाखवलं. तो सकाळच्या माणसाने भरून ठेवला होता. मी तो उचलून दिलाही नाही. ते हात लांब करत राहिले आणि मी खोलीबाहेर गेले. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

हिवाळ्यात ते गेले. नणंद आली. शेवटची अंघोळ घालून शिखाच्या पाचही खुणा, म्हणजे ककार, अंगावर हव्या होत्या; कछहरा त्यातलाच एक. तिने आपल्या पार्सलातला कोरा कछहरा काढला. मी म्हटलं, "दीदी, तो होणार नाही, खूप मोठा आहे. मापाचा धुऊन ठेवलाय." ती म्हणाली, "पापा को आख़िरी बार टेढ़ा-मेढ़ा पहनाऊँ क्या?" नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "छोड़ ना अब."

आत पुरुष होते, दार लावलेलं होतं. मी बाहेर बायकांत बसले होते. आतून कुणीतरी म्हणालं, "बहुत ढीला है यार, दो-दो आ जाएँगे इसमें." मग नवऱ्याचा आवाज, "कस दे, नाड़ा लपेट दे."

तेव्हा मला रडू फुटलं आणि आवरेना. बायका एकमेकींना म्हणाल्या, बघा, मराठी असून किती जीव होता हिचा सासऱ्यावर. नणंद येऊन गळ्यात पडली. तिची मिठी सुटेपर्यंत मी तशीच ताठ बसून राहिले.