दत्ताचे उष्टे डबे

"कोणी धुतला? अहो, मी विचारतोय, कोणी धुतला हा डबा?"

बदलापुरात हेंद्रेपाड्यातल्या त्याच्या बिल्डिंगच्या जिन्यात दत्ता स्टीलचा डबा तलवारीसारखा उगारून उभा होता. समोर दारात खालच्या मजल्यावरची सून, कणकेचा हात तसाच हवेत धरून. "काका, रिकामा डबा कसा परत द्यायचा? घासला, पुसला, वाटीभर साखर घातली."

"साखर घाल चुलीत! तुझ्या सासऱ्यांनी किती खाल्लं, किती ठेवलं, काय थुंकलं, ते बघायचं होतं मला!"

"आमच्याकडे उष्टा डबा कोणाला देत नाहीत," असं म्हणून तिने दार लावून घेतलं. दत्ताने तो डबा माझ्या हातात कोंबला. "घे बाळ्या, तुझ्या चहाला होईल."

ही आमची शेवटची भेट. पुढच्याच आठवड्यात सकाळी कुसुमवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले." बस, एवढंच. जवस वाटायला मिक्सर लावला होता, तिथेच ओट्यापाशी कोसळला. शेजाऱ्यांनी धावत येऊन आधी मिक्सर बंद केला म्हणे. मला अजून वाटतं, तो चालू ठेवला असता तर वाटण बघायला हा उठला असता... जाऊ दे.

दत्ता उल्हासनगरच्या एका बिस्किटाच्या कारखान्यात भट्टीवर सुपरवायझर होता आणि मी पॅकिंगला. तो भट्टीवर ओरडला की तिकडे अंबरनाथच्या शिवमंदिरातला नंदी कान हलवायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय. खोटं वाटत असेल त्याने जाऊन नंदीला विचारावं. असा हा गडगडाट रिटायर होऊन घरी बसला आणि त्याच पावसाळ्यात वहिनींना ताप आला. ताप उतरला, पण जाताना जिभेवरची चव घेऊन गेला. श्रीखंड द्या नाहीतर ठेचा द्या, वहिनी म्हणायच्या, "ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं." हळूहळू ताट अर्ध्यावर आलं, मग पावावर. मनगटातल्या बांगड्या हात वर केला की कोपरापर्यंत घसरायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, थोडंच खातात तर जे खातील ते ताकदीचं द्या, जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया असं काहीतरी. आता वहिनींना कवळी. बिया चावणार कोण?

"जन्मभर पोराटोरांसाठी बिस्किटं केली," दत्ता मला म्हणाला. "म्हाताऱ्यांना काय देतात? औषध! नाक दाबून गिळा म्हणतात. मला असं काहीतरी करायचंय बाळ्या, की म्हातारं माणूस ते चोरून खाईल." म्हातारं माणूस म्हणजे कोण, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

उल्हासनगरच्या बाजारात लच्छूभाई म्हणून त्याचा जुना ओळखीचा बियांचा व्यापारी. त्याने दत्ताची पिशवी जवसाने भरता भरता विचारलं, "साईं, इतनी अलसी? घर में घोडा पाला है क्या?" दत्ता म्हणाला, "घोडा खाता तो रोना किस बात का था."

पहिला लाडू माझ्यावर पडला. म्हणजे खाऊन बघायला मिळाला असं म्हणतो, पण तो पडलाच. मी चावा घेतला तशी माझी वरची कवळी सुटली आणि लाडवात रुतून बसली. बशीत तो लाडू माझ्याकडे बघून हसत होता. पुढच्या खेपेला कारळ्याची एक बी कवळीखाली गेली, आणि मी ज्या देवांना कधी नमस्कार केला नव्हता त्यांचीही नावं घेतली. मग त्याने जवस भिजवून पाहिलं. ते असं चिकट झालं की चमचा उचलला तर पातेलं, शेगडी आणि अर्धा ओटा बरोबर वर यायचा. पण गडी हटला नाही. बिया मंद भाजायच्या, मैद्यासारख्या वाटायच्या, खजुरात मळून मऊ वडी करायची, इथपर्यंत तो आला.

अडचण चाखणाऱ्यांची होती. बिल्डिंगमधली सगळी म्हातारी मंडळी तोंडावर "वा, वा" करायची. म्हणून त्याने डबे केले. प्रत्येकावर वहिनींच्या लाल नेलपॉलिशने नाव घातलं आणि सांगितलं, खा, उरेल ते तसंच परत द्या, धुवू नका. तोंड खोटं बोलतं, उष्टं खोटं बोलत नाही, असं त्याचं शास्त्र. पण आपल्याकडे शेजारचा डबा उष्टा सोडाच, रिकामासुद्धा परत जात नाही. डबे यायचे ते आरशासारखे लखलखीत, कधी शेंगदाणे भरून, कधी पोहे. वर्षभर त्याच्या घरात वाणसामान विकत आणावं लागलं नसेल, पण वडीबद्दल एक अक्षर कळलं नाही.

मग त्याने वडीत आमसूल आणि आलं घातलं. आंबट-तिखट तरी जिभेला पोचेल म्हणून. आणि एका दुपारी फोनवर त्याचा आवाज फुटला. "बाळ्या! कुसुमचा डबा! चाटून ठेवलाय! आत बोटाचे वळ आहेत!" फोनची गरजच नव्हती, मला इकडे उल्हासनगरात खिडकीतून ऐकू आलं असतं. त्या दिवसापासून वहिनींचा डबा रोज तसाच यायचा, आत बोट फिरवलेलं. दत्ता मला तो उजेडात तिरका धरून दाखवायचा, एक्सरे दाखवावा तसा. फक्त एकदा म्हणाला, "वजन का वाढत नाही, कळत नाही रे." आणि पुन्हा मिक्सरकडे वळला.

तेरावं होऊन गेल्यावर मी बदलापूरला गेलो. फ्रीजमध्ये त्याच्या शेवटच्या वड्यांचा डबा होता. झाकणावर लाल अक्षरात 'कुसुम'. कडेला एक बोट फिरलेलं... हे दत्ताचं, तो स्वतः चाखून मगच पुढे द्यायचा. मी डबा वहिनींपुढे ठेवला. म्हटलं, "तुमच्यासाठीच केल्यात. एक घ्या."

"मी त्या खात नव्हते, भाऊजी."

"पण ते बोटाचे वळ?"

"मीच ओढायचे. वडी खिडकीत कबुतरांना घालायची आणि डब्यात बोट फिरवून ठेवायचं. ते दारामागे उभे असायचे ना, डबा बघायला." त्यांनी पदराने टेबलावरचा न दिसणारा कण पुसला. "चव नव्हतीच हो. आमसुलाचीही नाही."

मी जन्मभर राईचे पर्वत केलेला माणूस. त्या क्षणी मला राईसुद्धा सापडली नाही. बाहेर ग्रिलवर कबुतरं येऊन बसली होती, जाडजूड, तुकतुकीत, मानेवर हिरवी-जांभळी झळाळी. अख्ख्या बदलापुरात एवढी धष्टपुष्ट कबुतरं नसतील, आणि हे मी वाढवून सांगत नाहीये. आत खुर्चीत वहिनी. बांगड्या काढलेल्या मनगटाला आता माझा अंगठा आणि एक बोट सहज पुरलं असतं.

मी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. आतला तो एक वळ बघत राहिलो.

"वहिनी, हा डबा... असाच राहू देऊ का?"

"धुऊन टाका," त्या म्हणाल्या.