घासलेला चेसिस नंबर

इन्स्पेक्टरसाहेबांनी चेसिसवर कागद धरला आणि पेन्सिल फिरवली. कागद नुसताच काळा झाला. अंक उमटेनात.

मी कोल्हापुरात लोकांची आरटीओची कामं करून देते. त्या दिवशी नामदेवदादांची पिकअप पासिंगला आणली होती. दादा मुरगूडचे, आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीला पोचवायचा रूट त्यांना पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर मिळणार होता. अट एकच: दसऱ्याच्या आत गाडी महाराष्ट्र पासिंगची हवी. त्यांनी बेळगावकडून जुनी गाडी घेतली.

परराज्यातली गाडी आणायची तर आधी तिथल्या आरटीओची एनओसी लागते, म्हणजे आमची हरकत नाही असा दाखला. मग इथला टॅक्स, मग इन्स्पेक्शन. गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, एक नंबर ठोकलेला असतो. इन्स्पेक्टर त्याचा पेन्सिलनं ठसा घेतात. कागदावरची गाडी ती हीच, याचा तो पुरावा.

साहेबांनी विचारलं, “नंबर कुठं गेला?”

“गंज लई हुता साहेब,” दादा म्हणाले. “ग्राइंडर मारून घेतला, वर काळा रंग दिला. तुमच्याम्होरं घाण गाडी कशी आणायची?”

“गंजासंगं नंबर पण काढलासा की पावणं,” साहेब म्हणाले.

आजूबाजूचे हसले. दादाही हसले. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय. आमच्याकडं बैल बाजारात न्यायचा तर शिंगं घासून, रंगवून नेतात. दादांनी गाडी तशीच आणली होती.

साहेबांनी गाडी नापास केली. त्यांचं चूक नव्हतं. चोरीच्या गाडीचाच नंबर असा घासलेला असतो. आता कर्नाटकातून पडताळणी, पोलिसांचा दाखला, मग नंबर पुन्हा ठोकायची परवानगी. हे मी सांगत होते तेव्हा दादा गाडीचा आरसा पुसत राहिले.

गेटवरच्या एका एजंटानं हळूच सुचवलं, गॅरेजात नंबर ठोकून घ्या, उद्या दुसऱ्या साहेबांपुढं उभी करा. मी सरळ नाही म्हणाले. चोर हेच करतात.

“ताई, तुमचं खरं हाय,” दादा म्हणाले. “पण दूध थांबतंय व्हय?”

मी डेअरीत जाऊन मुदत मागितली, भांडले. मॅनेजर शांतपणे म्हणाले, सकाळी कॅन उचलायला कुणीतरी लागतंच. दसरा झाला आणि रूट हातकणंगल्याच्या एकाला गेला. कर्नाटकातली पडताळणी दिवाळीनंतर आली.

ऑफिसच्या भिंतीवर फीचे बोर्ड आहेत, दंडाचे आहेत. चेसिस नंबरला हात लावू नका, एवढी एक ओळ कुठंच नाही. तशी पाटी लावा म्हणून मी अर्ज घेऊन गेले.

“हे काय सांगावं लागतं?” अधिकारी म्हणाले.

“लागतं,” मी म्हणाले. पाटी अजून लागलेली नाही.

अखेर पासिंग झालं. तोवर दादांनी गाडी विकायला काढली होती. ती दुसऱ्याच्या नावावर करायचं काम मीच केलं. सही करताना दादा म्हणाले, “आता कागद एकदम क्लिअर हाईत न्हवं?” मी हो म्हणाले. ते पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत.

परराज्यातली गाडी आणलीत तर पेंटरकडं नेऊ नका. आधी इन्स्पेक्टरला दाखवा, गंजासकट.