फेटा अडकला लॅपटॉपात

लोह्याच्या बसस्टँडजवळ बालाजीचं फोटो-व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. दुकानात फोटो कमी आणि किस्से जास्त. किस्से मुद्दाम कोणी करत नाही. बालाजी लॅपटॉप उघडतो, आम्ही म्हातारे बाकड्यावर बसतो, की एक किस्सा तयार होतोच. हल्ली तर सगळे किस्से एकाच लग्नाचे झाले आहेत.

लग्न आमच्या बाकड्यावरच्या गंगाधरच्या थोरल्या लेकीचं. होऊन वीसेक वर्षं झाली. त्या लग्नात 'मला फेटा बांधला नाही' असं म्हणून गंगाधरचे थोरले भाऊ, व्यंकटराव, रुसले ते रुसलेच. नांदेडला लेकाकडं राहतात. गंगाधर शपथेवर सांगतो की बांधला होता. आता गंगाधरच्या धाकट्या पोराचं लग्न ठरलंय. व्यंकटरावांनी निरोप पाठवला, "बांधलेला दाखव, मग येतो लग्नाला."

दाखवायचा कशात? तर लग्नाच्या सीडीत.

* * *

गंगाधर सीडी घेऊन आला. धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली, प्रसाद आणावा तशी. घरचा सीडी प्लेयर कधीच भंगारात गेलेला. बालाजीनं नवाकोरा लॅपटॉप काढला.

गंगाधरनं लॅपटॉप डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला, उलटा करून बघितला.

"बालाजी, सीडी घालायची कुठून?"

"काका, नव्या लॅपटॉपला सीडीची जागाच नसते."

"एवढा महाग घेतला अन् तोंडच न्हाई व्हय याला!"

* * *

बालाजीनं नांदेडहून सीडी वाचायचा एक डबा आणला. लॅपटॉपला जोडला. लग्न सुरू झालं, पण नुसता आवाज. पडदा काळाकुट्ट.

"व्हिडिओचा फॉरमॅट जुना आहे. लॅपटॉपातल्या प्लेयरला चालत नाही," बालाजी म्हणाला.

मी जन्मभर लग्नात लाऊडस्पीकर लावले. शाळा चौथीत सुटली, पण एवढं कळतं की लग्न हे लग्न असतं. त्याला कसला आलाय फॉरमॅट!

तेवढ्यात अंधारातून आवाज आला, "वधूचे थोरले काका व्यंकटराव, कुठं असतील तिथून मंडपात यावं!"

गंगाधर उडालाच. लगेच भावाला फोन लावला, फोन लॅपटॉपला चिकटवला, आणि तेवढाच तुकडा पुन्हा वाजवायला लावला.

"दादा, आईकलं का? बोलावलं होतं तुला!"

पलीकडून व्यंकटराव शांतपणे म्हणाले, "बोलावलेलं ऐकू आलं. बांधलेलं ऐकू येत न्हाई."

* * *

आमच्यात इंग्रजी वाचणारे एक जाधव मास्तर. शाळेतून रिटायर झाले, पण शिकवायची सवय गेली नाही. पडद्यावर चौकट आली की आम्ही त्यांच्याकडं बघायचं.

"काय म्हणतंय मास्तर?"

"अपग्रेड करा म्हणतंय."

केलं. तासभर चक्र फिरलं. चहा झाला, पान झालं. मग चित्र आलं एकदाचं, पण सगळी माणसं आडवी ताणलेली. नवरदेव दारात मावेना! गंगाधरची बायको खास बघायला आली होती. तिनं एकदाच बघितलं आणि पदर सावरत उठली.

"वहिनी, थांबा की."

"लेकीच्या लग्नात मी एवढी म्हशीवानी होते व्हय? बंद करा ते! अन् ह्यांच्या भावाला तर मुळीच दाखवू नका."

बालाजीनं ताणलेलं सरळ करायला काहीतरी दाबलं. चित्र गेलं. मग जुनंच बरं होतं म्हणून मागं जायला बघितलं.

"मागं जाता येत न्हाई मामा," बालाजी मला म्हणाला.

त्या दिवशी मी लवकर घरी गेलो. माझ्या भोंग्यानं कधी 'मला सुधरव' म्हटलं नाही. बिघडला तर बिघडला, पण काल वाजत होतं ते आज वाजणार नाही, असं त्यानं सुधारणेच्या नावाखाली कधी केलं नाही.

* * *

मग बालाजीला फॉरमॅट बदलून देणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर सापडलं. फुकटात फक्त सुरुवातीचा तुकडा बदलून मिळतो. पुढचं पाहिजे तर पैसे.

"सुरुवातीला काय हाय?" गंगाधरनं विचारलं.

लावलं. आधी गणपती आला, गोल फिरून गेला. मग गुलाब आले. मग नवरीचं नाव एकेक अक्षर करून आभाळातून पडलं. मग नवरदेवाचं पडलं. मग बदाम आले, लाल, निळे, फुटणारे. मग ताजमहाल. त्यातून नवरानवरी बाहेर आले, आणि संपलं.

हे सगळं त्या काळी बालाजीनंच कलाकुसर म्हणून घातलेलं. तो खाली बघत होता.

"बालाजी," गंगाधर म्हणाला, "फेटा सोडून ताजमहाल घालायला तुला कोण सांगितलं होतं रे?"

* * *

शेवटी किंमत विचारली. मास्तरांनी वाचून सांगितलं. पैसे दर वर्षाला भरायचे.

"दर वर्षाला?" गंगाधर म्हणाला. "लगीन एकदाच लावलं की!"

"लग्न तुझं, सीडी तुझी," मास्तर म्हणाले, "बघायची परवानगी त्यांची."

गंगाधर सीडी पुन्हा फडक्यात गुंडाळत बसला. मला म्हणाला, "ह्या डब्याला एक बरं हाय. चालत न्हाई तर न्हाई म्हणून तोंडावर सांगतो. दादानं इतकी वर्षं मला तेवढंबी तोंडावर सांगितलं न्हाई. नुसता यायचा बंद झाला."

मी चहा सांगितला.

* * *

धाकट्याचं लग्न चार दिवसांवर आलं, तेव्हा व्यंकटराव स्वतःच नांदेडच्या बसमधून उतरले. टोपी, काठी, कपाळावर आठ्या.

"फोनवर काहीबाही ऐकवता. मी सवताच्या डोळ्यानं बघतो."

बाकड्याच्या एका टोकाला ते बसले, दुसऱ्या टोकाला गंगाधर. मधे मी आणि मास्तर. बालाजीनं सकाळपासून खपून दुसरा एक प्लेयर नेटवरून उतरवून घेतला होता, ट्रायलवर. लावला. चित्र आलं! रंग आले, आवाज आला, माणसं माणसाएवढी दिसली. ताजमहाल पुढं ढकलला. मंडप आला, पंगत आली. मग फेट्यांचं ताट आलं.

गंगाधर दोन्ही हातात फेटा धरून उभा. पुढं दोन खुर्च्या. एकीवर व्याही, दुसरीवर व्यंकटराव. दोघांनीही टोप्या काढून मांडीवर ठेवलेल्या, दोघांच्याही माना खाली. गंगाधरनं हात वर उचलले,

आणि चित्र थांबलं. मधोमध चौकट.

"ट्रायल संपली," मास्तर हळूच म्हणाले. "पुढं बघायचं तर विकत घ्या म्हणतंय."

बालाजी खिसे चाचपायला लागला. गंगाधर कोणाकडंच बघेना. व्यंकटराव मात्र थांबलेलं चित्र बघत होते. लई वेळ बघितलं.

"तुझे केस किती काळे होते रे," ते म्हणाले.

मग त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली.

"बघतो काय? पुढचं कर."

गंगाधर उठला. खांद्यावरचं उपरणं काढलं. भावाच्या डोक्याला एक वेढा घातला, दुसरा घातला.

"काका, भरले पैसे!" बालाजी ओरडला. "लावू का पुढचं?"

"गप रे!" व्यंकटराव मान न हलवता म्हणाले. "इथं वेढा सुटायला लागलाय."