पुराची थैली

विमलताईंच्या घरी मी भाड्यानं राहायला आले, त्या पहिल्याच उन्हाळ्यात मला वाटलं, या बाई परगावी निघाल्यात. ओसरीवर खताच्या पोत्यांची शिवलेली मोठी थैली होती आणि त्या तिच्यात एकेक वस्तू भरत होत्या. "कुठं गावाला, काकू?" मी विचारलं, तर आतून विठ्ठलराव, त्यांचे यजमान, हसले.

"कुठी नाई जाऊन राह्यली, मॅडम. नदी येनार हाये म्हन्ते. तिच्या पाहुनचाराची तयारी हाये."

नदी म्हणजे पैनगंगा. झरी जामणी तालुक्याच्या या टोकाला गाव अगदी तिच्या काठावर, आणि वरच्या धरणाचं पाणी सोडलं की ती विचारून येत नाही. मी इथल्या शाळेत शिक्षिका. यवतमाळच्या नोकरदार घरात वाढलेली, त्यामुळे पूर टीव्हीवरच पाहिलेला.

मृग लागायच्या आधी थैली भरून खुंटीला लागायची. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सातबारा, टॉर्च, काडेपेटी, विठ्ठलरावांचं स्वेटर, त्यांचा तंबाखूचा बटवा, फुटाणे, गूळ. आणि एक थर्मास, रिकामा. विठ्ठलरावांना शुगर होती. वेळ आलीच तर फ्रिजमधली इन्सुलिनची बाटली बर्फासकट त्या थर्मासात जायची होती. हा माणूस मारक्या बैलाला भीत नाही, पण सुईला भितो. सुई रोज विमलताईंनीच टोचायची आणि यांनी तोंड फिरवून भिंतीकडे बघायचं!

तान्ह्या पोळ्याला मात्र थैली सुटायची. पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली की विमलताई थैलीतलेच फुटाणे नि गूळ बोजारा म्हणून त्यांच्या ओंजळीत घालायच्या. बाकीच्या वस्तू जागच्या जागी जायच्या. पोळा झाला, पाऊस भोळा झाला, असं त्यांची सासू सांगून गेली होती. मी एकदा म्हटलं, "काकू, पाऊस सप्टेंबरातही येतो की."

"येते नं. पन पोयाच्या मांगं पूर कोनं पाह्यला, मॅडम?"

गेल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी पाहिला. पोळा होऊन गेला होता, गणपती तोंडावर होते. सकाळी मारुतीच्या देवळातला भोंगा ओरडला: धरणाचे दरवाजे उघडले, टेकडीवरच्या शाळेत चला. मी खोलीत चार्जर शोधत बसले. विमलताईंनी तवा उतरवला, विठ्ठलरावांना गुरं सोडायला पिटाळलं आणि रिकामी थैली खाली ओढली. त्यांच्या हातांना सगळं पाठ होतं. माझा चार्जर सापडेपर्यंत थैली भरून दारात उभी होती, थर्मासासकट. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत पाणी शिरलं, पूल बंद झाला, वीज गेली. शाळेच्या वर्गात चटया अंथरल्या होत्या. विठ्ठलरावांच्या सुईची वेळ झाली. थर्मासातला बर्फ अजून शाबूत होता. विमलताईंनी सुईत औषध ओढलं, खिडकीच्या उजेडाकडे धरलं. जवळ नेलं, मग लांब. मग त्यांचा हात नाकाकडे गेला आणि तिथेच थांबला.

चष्मा नव्हता. सकाळी चुलीच्या धुरानं काचा धुरकटल्या, तेव्हा तो काढून त्यांनी कोनाड्यात ठेवला होता.

"मले रेघाच नाई दिसून राह्यल्या," त्या म्हणाल्या. औषध जास्त गेलं तर माणूस हातचा जायचा, हे त्यांना डॉक्टरांनी बजावलेलं होतं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

शेवटी टॉर्चच्या उजेडात सुई मी धरली. रेघ वाचली, पुन्हा वाचली, खात्री होईना म्हणून पुन्हा एकदा वाचली. "हवा तं नाई नं राह्यली?" त्या विचारत राहिल्या. मग सुई माझ्या हातातून घेऊन त्यांनी सवयीनं टोचली. विठ्ठलरावांनी त्या दिवशी भिंतीकडे पाहिलं नाही. बायकोकडे पाहत होते.

नंतर त्यांनी थैली पुढे ओढली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. आपलं स्वेटर, आपला बटवा, आपली धुतलेली बंडी. थैलीचा तळ लागला.

"विमल, याच्यात तुह्यं कायीच नाई वं."

"मी हावो ना. माह्यं कायले पायजे?"

एरवी यावर त्यांनी काहीतरी कोटी केली असती. आज त्यांनी आपलं स्वेटर उचलून विमलताईंच्या खांद्यावर टाकलं.

पाणी ओसरल्यावर चष्मा चिखलात सापडला, एक काच फुटलेला. विठ्ठलराव विमलताईंना घेऊन वणीला गेले, डोळे तपासून घेतले आणि हट्टानं दोन चष्मे करून आणले. "पैसा जास्ती झाला वाट्टे," म्हणून विमलताई महिनाभर कुरकुरत होत्या.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला पोरांसाठी फुटाणे दुकानातून आले. तरी सवयीनं विमलताईंचा हात खुंटीकडे गेला. विठ्ठलराव आडवे आले.

"राहू दे. पावसाले काय माईत, पोया कवा झाला ते?"

"अहो, पन वजन काहून वाढलं हिचं? काय भरलं तुमी?"

त्यांनी थैलीचं तोंड उघडून दाखवलं. वरच विमलताईंचं हिरवं लुगडं होतं, त्यांची फणी होती आणि स्वच्छ रुमालात गुंडाळलेला दुसरा चष्मा.

"तुह्यं समदं वर ठेवलं," विठ्ठलराव म्हणाले. "अंधारात हात घातला, तं पयले तेच लागलं पायजे."