सत्कारात गमावलेला रविवार

आता हे सांगू का नोको सांगू, असं होऊन राह्यलं मले. पण चहा आलाच आहे, त घ्या हसून माह्यावर.

नोकरी सोडून मी अमरावतीत सोताचा धंदा टाकला, हे तुमाले माहीतच आहे. धंदा कायचा, त सल्ला द्याचा! कारखान्यात माणसं काहून टिकत नाहीत, पाळ्या कशा लावाच्या, सुट्ट्या कशा द्याच्या, हे मी मालकाईले सांगतो. वरून भाषण देतो, का बापा, माणसाले कामासंग घरही लागते. अन् माहं सोताचं जेवण फोनच्या बाजूले थंडं होऊन जाते. सोताच्या धंद्यात एक भेव मानगुटीवर बसलेलंच रायते, हे गिऱ्हाईक गेलं त?

शेवटी बायकोनं, म्हणजे सुनंदानं, तोंडावर सांगतलं, "नोकरीत होते तवा निदान रविवारी तरी दिसत होते तुमी." मले लय लागलं. देवापुढं हात जोडून कबूल केलं, का रविवार घरचा. येत्या रविवारी पोरीले घेऊन चिखलदऱ्याले जायचं, हेही ठरलं.

अन् शुक्रवारी अकोल्याहून भाऊंचा फोन! भाऊ म्हणजे दाल मिलचे मालक, माहं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. बोलले एवढंच, "सर, उद्या दुपारी मिलवर या. फोनवर सांगाची गोष्ट नाही."

तुमीच सांगा, आपल्या वऱ्हाडात फोनवर न सांगाची गोष्ट कोन्ती रायते? एक त कोनी गेलं, नाही त सोयरीक मोडली. भाऊंच्या घरी सारे धडधाकट होते, पोरापोरीईचे लग्नं होऊन गेलते. म्हणजे मोडाची रायली ती माही अन् मिलची सोयरीक.

शनिवारी निघालो, त बडनेऱ्यापर्यंत मी सोताले समजावत होतो. मूर्तिजापूरले सोताच्या चुका मोजाले लागलो. अकोला येईपर्यंत मी मनातल्या मनात भाऊंसंग भांडून, माफी मांगून मोकळा झालो होतो.

मिलमंधी शिरलो, त मशीन बंद. अंगणात खुर्च्या मांडलेल्या. हमालापासून मुनीमजीपर्यंत सारे चांगले कपडे घालून बसलेले. टेबलावर शाल, नारळ अन् हार. मले जुन्या नोकरीतले निरोप समारंभ आठवले. रिटायर माणसाले आमी असंच बसवत होतो, शाल पांघरत होतो अन् गेटपर्यंत सोडून येत होतो.

भाऊंनी मले खुर्चीवर बसवलं, पाठीवरून हात फिरवला. एवढ्या मायेनं मालक कवा वागते? काढून टाकाच्या वक्तीच ना!

भाऊ माईक घेऊन उभे रायले. सरांनी आपल्या मिलसाठी लय केलं, असं म्हणाले, अन् डाळ निवडणाऱ्या बाया डोळे पुसाले लागल्या. माहा धीरच सुटला. त्याईचं बोलणं पुरं झालं का आपलं सारं संपलं, असं वाटलं. मी मधातच उठलो अन् त्याईच्या हातातला माईक घेतला.

"भाऊ, काही चुकलं असन त सांगा," मी म्हटलं, "पण मले सोडू नका. मी दर रविवारी येतो. तुमी म्हणान तितका वेळ बसतो."

मंग कोनीतरी टाळी वाजवली, अन् सारी मिल टाळ्या वाजवाले लागली. भाऊंचे डोळे भरून आले. त्याईनं मले शाल पांघरली अन् माईक वापस घेतला.

"याले म्हणतात माणूस," ते लोकाईले म्हणाले. "सरांच्या सांगण्यावरून आपून उद्यापासून दर रविवारी मिलले सुट्टी देऊन राह्यलो, म्हणून हा सत्कार ठेवला. मले एकच घोर होता, का सुट्टीच्या दिवशी मिल पाहीन कोन? तोही सरांनीच मिटवला."

बाया आनंदानं रडत होत्या, हे मले तवा समजलं. नाही म्हणाची सोय होती का? गळ्यात हार होता, समोर सारी मिल होती. घरी सुनंदाले कसं सांगतलं, ते इचारू नका. माय-लेकी माह्या साळ्यासंग चिखलदऱ्याले जाऊन आल्या, अन् आल्यावर माह्यासंग बोलल्या नाहीत.

परवा एका नव्या मालकाचा फोन आला. म्हणे, काम अन् घर याचा मेळ कसा घालाचा, ते तुमच्याकडून शिकाचं आहे, कवा भेटता?

मी म्हटलं, रविवारी अकोल्याले या. दाल मिलच्या गेटवर जो चौकीदार बसलेला दिसन, त्यालेच इचारा.