दाराशी भरून ठेवलेली बॅग

सुटीवर आल्यापासून आमचे हे रोज सकाळी बॅग भरायचे. मी कपडे काढून कपाटात लावले, की हे परत घड्या घालणार, बॅग भरणार, पट्टा आवळणार आणि दाराशी नेऊन ठेवणार. घरातसुद्धा पायात बूट. जेवण उभ्याने. अंगणात चक्कर, फाटकापर्यंत चक्कर, परत घरात. बघून बघून माझं डोकं भणभणायचं. फौजेतला माणूस घरी आलाय की एस्टी स्टँडवर थांबलाय, तेच कळेना. "अहो, बसा ना जरा," म्हटलं की म्हणायचे, "बठेल तं शे." बसलोय म्हणे, आणि बोलता बोलता बाहेर.

तेही मी सोसलं असतं. पण एका दुपारी मुलीने खेळता खेळता मागून येऊन यांना मिठी मारली, आणि यांनी वळून तिचा हात असा पिरगळला की मनगट सुजलं. नंतर स्वतःच तिला हळद लावत बसले. मला हळूच म्हणाले, "पुढला येळे काय व्हई, माले माहीत नही." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. सुटी संपायच्या आत यांना कुणाला तरी दाखवायला हवं होतं. पण कुणाला दाखवायचं? आणि वर कळलं, नोकरीवर आलं, तर?

अशात पुण्याहून एक संशोधन करणारी बाई आमच्या गावात, कोरीटला आली. फौजी सुटीवर घरी कसे राहतात, झोप लागते का, राग येतो का, असं घरोघर विचारत होती. नाव कुठेच लिहिणार नाही, हे तिने आल्या आल्या सांगितलं. मला वाटलं, हिला देवानेच धाडलं.

पण आमच्या गल्लीची एक खोड आहे. परगावचं माणूस येऊन एखाद्या पोराच्या सवयी विचारू लागलं, की आमच्या लोकांना सोयरिकीचीच आठवण होते. आणि सोयरिकीच्या चौकशीत गल्लीतल्या पोराची तारीफच करायची, उणं काढील तो वैरी. लग्न होऊन लेकरू झालेल्या माणसाची चौकशी चाललीय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सवय सुटते का?

ती आमच्या घरी आली, तशा ओट्यावर बाया जमल्या. "आम्हना पोऱ्या? एकदम गरीब शे. कोनले उलटा सबद बोलस नही," शेजारच्या काकूंनी सुरुवात केली. "झोप? खाटवर पडना का घोरी ऱ्हायना," सासूबाई म्हणाल्या. पोरगा आल्यापासून त्याला धड आडवं झालेलं न पाहिलेली बाई हे सांगत होती, आणि सांगताना माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. मला इतका संताप आला की उठून आत जावंसं वाटलं.

"ताई, तुम्ही सांगा," ती बाई माझ्याकडे वळली. मुलगी मांडीवर होती. तिचा हात मी पदराखाली झाकून धरला होता.

"ज्यानी तारीफ चाली ऱ्हायनी, तो पोऱ्या माले बी दखाडा," मागून आवाज आला. हे दारात उभे होते. मग त्या बाईकडे बघून शाळेतल्यासारखं नीट बोलले, "मला झोप येत नाही, मॅडम. पोरीचा हात मीच पिरगळलाय. तुम्ही नाव लिहिणार नाही म्हणता. मग मदत करायला कुणी मला शोधणार कसं?"

बाईने पेन बाजूला ठेवलं. "अभ्यासातून तुम्हाला कुणी शोधणार नाही," ती म्हणाली. "लष्करी दवाखान्यात यासाठी डॉक्टर असतात. पण तुम्हाला स्वतःहून जावं लागेल. नोकरीचं काय होईल, ते मी सांगू शकत नाही. खोटा धीर देणार नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं. काकू चपला शोधू लागल्या.

"मी येते सोबत," मी म्हटलं, सासूबाईंच्या देखत. आता या आकाशपाताळ एक करणार, असं मी धरूनच चालले होते.

सासूबाई उठल्या. माझ्या पदराखालून मुलीचा हात त्यांनी बाहेर काढला आणि सूज कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग मुलीला कडेवर घेतलं.

"बॅग तं भरेलच शे," त्या लेकाला म्हणाल्या. "निंघा दोन्हीजन. पोरले मी सांभाळसू."