अर्ध्या बॅटरीवर म्हसा

पत्र आलं तेव्हा घरात कोणी पेढे आणले नाहीत. नवऱ्याने ते दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "नकार लेखीच देयाला लागतो का?"

मी केंद्रप्रमुख झाले होते. पंचवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला अक्षरं गिरवायला लावल्यावर मला बढती मिळाली होती. दहा शाळा माझ्या हाताखाली येणार होत्या. अडचण एवढीच की आमचं घर शेणव्याजवळ, शहापूर तालुक्यात, आणि त्या दहा शाळा मुरबाड तालुक्यात, म्हशाच्याही पुढे डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांमधून विखुरलेल्या. किन्हवली, सरळगाव, मुरबाड, म्हसा असा रस्ता. एसटीने जायचं तर तीन गाड्या बदला, आणि म्हशापासून पुढे पायांशिवाय काही नाही. माझी स्कूटी शाळेपर्यंतच्या दहा मिनिटांसाठी ठीक होती, तेवढ्यासाठी नाही.

अशा वेळी आमच्याकडच्या बायका बढती नाकारतात. माझ्यापेक्षा मोठ्या दोघींनी नाकारलेली मी पाहिली आहे. कागदावर 'कौटुंबिक कारणास्तव' असं लिहायचं, सही करायची आणि स्टाफरूममध्ये हसत चहा प्यायचा. त्यातल्या एकीने मला नंतर सांगितलं होतं की त्या दिवशी घरी जाऊन तिने दोन तास भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. मला ते आठवलं आणि माझं डोकं फिरलं.

"नकार कोण देणार आहे?" मी म्हटलं. "मी गाडी घेणार."

गाडी चालवायला मी शिकले होते. दिराच्या जुन्या व्हॅनवर, आमच्याच खळ्यात, दोन कुंपणं पाडून. लायसन्स होतं. पंधरा दिवसांत होकार किंवा नकार कळवायचा होता. तेव्हा प्रश्न गाडी घ्यायची की नाही हा राहिलाच नाही. रोजचे शंभर-सव्वाशे किलोमीटर आणि पावसाळ्यातले रस्ते निभावणारी गाडी कुठली, हे ठरलं तर मी होकार देणार होते. नाही ठरलं तर 'कौटुंबिक कारणास्तव'.

मला इलेक्ट्रिक हवी होती. रोजचा रस्ता ठरलेला, गाडी संध्याकाळी घरी उभी, घरचा प्लग. पेट्रोलचा खर्च मी डोळ्यांसमोर आणला की पगार वितळायला लागायचा. नवरा हायब्रीडवर अडून बसला. तो आटगावला एका गोदामात आहे, दिवसभर ट्रकवाल्यांशी बोलतो, त्यामुळे गाड्यांतलं सगळं आपल्यालाच कळतं असं त्याला वाटतं.

"हायब्रीडला प्लग नको, काय नको. पेट्रोल टाकला की चालली. आतली बॅटरी तिची ती भरते. तुझी ती लाइटवरची. पावसात दोन-दोन दिवस लाइट नसते आपल्याकडे. मग काय धक्का मारीत जाशील म्हशाला?"

मला राग आला तो यासाठी की त्यात चूक काही नव्हतं. आम्ही कल्याणला जाऊन हायब्रीड चालवून पाहिली होती. गाडी गुणी होती. वळणावर आवाज न करता हळूच सरकायची, चढ आला की इंजिन चालू व्हायचं, आणि काटा बघत बसायची गरज नव्हती. तिची किंमत मात्र आमच्या आवाक्याच्या बाहेर पाऊल टाकून उभी होती. शोरूममधला पोरगा सगळी माहिती नवऱ्याला सांगत होता आणि मला एकच गोष्ट दाखवली, पर्स ठेवायची जागा.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, जीभ त्याहून. पूर्वी आजूबाजूच्या तीन-चार गावांतला माणूस म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायला निघाला की आधी आमच्या ओटीवर यायचा. आबांना बरोबर न्यायचा. आबा दात बघायचे, खूर बघायचे, पण त्यांचं खरं नाव झालं ते त्यांच्या एका हट्टामुळे. जत्रेत विकणारे सकाळी बैलाला पोटभर चारतात, मिठाचं पाणी पाजतात. बैल कसा टुमटुमीत, तुकतुकीत दिसतो. आबा त्या वेळी तिकडे फिरकायचेच नाहीत. ते दिवस कलताना जायचे, बैल उपाशी आणि कंटाळलेला असताना. त्याला गाडीला जुंपायचे, गाडीत दगड भरायला लावायचे आणि खडकाळ चढावर घालायचे. तिथे जो मान टाकत नाही, तो बैल घ्यायचा.

घरोघरी ट्रॅक्टर आले आणि आबांना विचारणारं कोणी उरलं नाही. म्हणून गाडीचा विषय निघाला तेव्हा ते सावरून बसले. आमचं भांडण त्यांनी आठवडाभर ऐकलं. मग एका संध्याकाळी म्हणाले, "दुकानातल्या फेरीत काय कलनार हाय? त्यांचा रस्ता, त्यांचा मानूस बाजूला. आपल्या रस्त्यावर, आपला बोजा घालून बघा."

शहापूरची माझी एक मैत्रीण, तीही शिक्षिका, दीड वर्षापासून इलेक्ट्रिक गाडी चालवत होती. तिने शनिवारी संध्याकाळी गाडी आमच्या अंगणात आणून लावली, "रविवारभर तुझी" म्हणाली आणि भावाच्या मोटरसायकलवर बसून परत गेली. गाडीत बॅटरी निम्मी होती. मी पडवीतून वायर काढून प्लग लावायला वाकले, तेवढ्यात आबांची काठी वाजली.

"भरू नको."

"आबा, उद्या सव्वाशे किलोमीटर जायचंय."

"म्हनून तर. पोट भरून कोनपन चालंल. अर्ध्या पोटी चालली तर ती आपली."

नवरा हसला. त्याला तर ते हवंच होतं. आणि मी, जी वर्गात पोरांना आधी गणित मांडा मग उत्तर सांगा म्हणते, ती मी वायर गुंडाळून आत गेले. खरं सांगायचं तर मलाही मस्ती आली होती. आबांच्या परीक्षेत पास झालेल्या गाडीला नवरा काय नावं ठेवणार, असं मनात होतं. मैत्रिणीने सांगितलं होतं की भरलेली गाडी आपल्या रस्त्यांवर अडीचशेपर्यंत जाते. अडीचशेचं निम्मं सव्वाशे. काठावर पास.

रविवारी सकाळी आठला आम्ही निघालो. आबा पुढे माझ्या शेजारी, नवरा मागे, आणि डिकीत तांदळाचे दोन कट्टे. कट्टे आबांनीच ठेवायला लावले होते. दगड घालू का म्हणून विचारलं नाही एवढंच. गाडीचा आवाज नाही, त्यामुळे कट्ट्यांचं घसरणं आणि नवऱ्याचं उसासे टाकणं स्पष्ट ऐकू येत होतं. सरळगावला आबा म्हणाले, "आतून गुरगुरत नाय ही. बरी हाय." मला हसू फुटलं.

म्हशाच्या पुढे रस्ता संपतो आणि रस्त्याची आठवण सुरू होते. चार शाळांच्या दारापर्यंत मी गाडी नेली. रविवार असल्यामुळे शाळा बंद होत्या. शेवटची शाळा एका टेकाडावर, दोन खोल्या आणि एक हापसा. चढ इतका उभा की नवरा मागून "उतरू का आमी?" म्हणाला. "बसा गप," मी म्हटलं आणि पाय दाबला. गाडी चढली. न धापा टाकता, न मागे सरता चढली. वर पोचल्यावर मी खाली उतरले, बंद शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिले आणि खालचं खोरं पाहिलं. पहिल्यांदाच मला वाटलं की मी इथली केंद्रप्रमुख आहे. एवढ्या लांबच्या शाळेला कोणी भेट देत नाही अशी तक्रार मी बैठकांमधून किती ऐकली होती. मी देणार होते.

मग काटा पाहिला. सोळा टक्के.

चढांनी आणि कट्ट्यांनी हिशेब खाल्ला होता. मुरबाडला चार्जर असल्याचं मोबाइल सांगत होता. तिथे गेलो तर तो बंद, तोंडावर पोतं बांधलेलं. एसी बंद केला, काचा खाली केल्या, उतारावर गाडी नुसती सोडली. सरळगाव मागे पडलं तेव्हा सहा टक्के होते आणि घर अजून वीस-बावीस किलोमीटर. गाडीने लाल दिवा लावला. नवऱ्याने मागून वाकून तो पाहिला आणि परत टेकून बसला. त्याचं ते टेकून बसणं मला जास्त लागलं. सोमवारी सकाळी 'कौटुंबिक कारणास्तव' लिहिणारा माझाच हात मला दिसायला लागला.

"त्या गिरणीशी थांबव," आबा म्हणाले.

रस्त्याला लागून भाताची गिरणी होती. मालक बाहेर बाजेवर बसला होता, सत्तरीचा असेल. आबांना बघून उठलाच. कितीतरी वर्षांपूर्वी आबांनी त्याला म्हशाला बैलजोडी निवडून दिली होती. "त्यातला ढवल्या मरंपर्यंत बसला नाय," त्याने नवऱ्याला सांगितलं, जसा काही ढवल्या काल गेला. गिरणी रविवारची बंद होती. त्याने मोठ्या सॉकेटचं झाकण उघडून दिलं. मी डिकीतली चार्जिंगची वायर काढून लावली आणि गाडीचा छोटा दिवा हिरवा झाला.

तासभर आम्ही तिथे बसलो. चहा झाला. मालकाने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, चाकावर हात ठेवला. आबा मात्र काठीने माती उकरत होते. मग एकदम म्हणाले, "चूक माजी झाली."

मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं. लग्न होऊन मी या घरात आल्यापासून हे वाक्य आम्ही ऐकलं नव्हतं.

"बैल उपाशी निघाला तरी वाटंत दोन घास तोडतो," ते म्हणाले. "बांधावरचा गवत खातो, वढ्याला पानी पितो. हिला वाटंत कोन घालनार? हिला घरूनच जेवून निघायला पायजे. मी बैलाचा नेम गाडीला लावला."

"मलाही कळायला हवं होतं, आबा. वायर माझ्या हातात होती," मी म्हटलं. आणि बोलता बोलताच माझ्या ध्यानात आलं. ज्या गाडीला आम्ही अर्ध्या पोटी, दोन कट्टे आणि तीन माणसं घालून, त्या टेकाडावर नेलं होतं, ती सरळगाव ओलांडून परत आली होती. मी काही रोज उपाशी निघणार नव्हते आणि कट्टेही नेणार नव्हते. भरून निघाले तर संध्याकाळी निम्मी बॅटरी शिल्लक राहणार होती. म्हणजे एक दिवस लाइट गेली तरी दुसरा दिवस निघत होता. त्याहून जास्त गेली तर मुरबाडची केंद्रशाळा कामाच्या दिवशी उघडी असते, तिथे सॉकेट आहे, आणि अगदीच प्रलय झाला तर त्या दिवशी शाळाही बंद असतात. हे सगळं मी नवऱ्याला तिथेच, गिरणीच्या ओट्यावर सांगितलं. तो ऐकत होता. "लांबच्या प्रवासाला हायब्रीडच बरी," एवढं शेवटी म्हणाला. बरीच होती. पण वर्षातून दोनदा लांब जाण्यासाठी रोजचं ओझं कशाला उचलायचं?

घरी पोचलो तेव्हा चार टक्के राहिले होते. मी आधी प्लग लावला, मग चपला काढल्या.

दिवेलागणीला ओटीवर बसणं झालं. आबा खांबाला टेकून, नवरा पायरीवर. मी दारात उभी होते. नवऱ्याने विचारलं, "आबा, आता तुमीच सांगा. कोणची घेयाची?" त्याला मनापासून विचारायचं होतं, हे मला कळत होतं. कित्येक वर्षांनी त्यांना कोणी असं विचारत होतं, आणि आबांनी कोणतंही नाव घेतलं असतं तरी घरात तेच झालं असतं.

आबांनी तंबाखूची चिमूट मळली, बाजूला ठेवली.

"मी नुसता बाजूला बसलो व्हतो. हाकली तिनं. तिला इचार."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"इलेक्ट्रिक," मी म्हटलं. "आणि उद्या ऑफिसला होकार कळवणार आहे."

मग आबा मुलाकडे वळले. "आयकलास ना? उद्या रजा टाक. वायरमन आन नि पडवीत जाडी वायर ओढून घे. तिला ड्यूटीवर जायाचा हाय."

आमच्या घरात ड्यूटी पुरुषांची असते. नवरा ड्यूटीवर जातो, दीर ड्यूटीवर जायचा. मी पंचवीस वर्षं शाळेत जात होते, जशा बायका विहिरीवर जातात. नवऱ्याने खिशातून मोबाइल काढला आणि रजेचा मेसेज लिहायला घेतला. माझे डोळे भरून आले, आणि ते पुसायला मी आत गेले नाही.